सनरूफ गळतंय? आधी नळ्या बघा

ठाण्यात घोडबंदर रोडला पावसात अडकले होते, तेव्हा आमच्या गाडीत आरशाजवळून पाणी टपकायला लागलं. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, "रबर बदलावं लागेल, वॉरंटीत बसत नाही." खरं तर सनरूफच्या रबरातून थोडं पाणी आत येणारच. ते खालच्या पन्हाळीत जमतं आणि कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांमधून गाडीखाली उतरतं. गाडी गुलमोहराखाली उभी असेल तर त्याची चिमुकली पानं नेमकी तिथेच अडकतात. सनरूफ उघडून प्रत्येक कोपऱ्यात कपभर पाणी हळूहळू ओता. खाली ठिबकलं नाही, तर नळी तुंबलेली किंवा निसटलेली आहे. जोराची हवा मात्र मारू देऊ नका, जोड सुटतो आणि पाणी थेट कार्पेटखाली जातं.

या चाचणीचा व्हिडिओ काढा. सर्व्हिस सेंटर तक्रार नोंदवतं त्या जॉब कार्डवर "पाणी गळते" एवढंच नको, कुठून ते लिहून घ्या. तोंडी नकार ऐकून परत येऊ नका, नकाराचं कारण लेखी मागा, कंपनीलाही ईमेल करा. तरीही हलले नाहीत तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार गाडी कुठेही घेतलेली असली, तरी ठाण्यात राहणाऱ्याला ठाण्याच्याच जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. तिथे तक्रार दाखल करायची मुदत दोन वर्षांची.