लिव्हरमधली चरबी एमआरआयने मोजताय? या चुका टाळा

गेल्या महिन्यात राजारामपुरीतले एक काका पोटाच्या एमआरआयचा रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आले. पैसे भरून झाले होते, फिल्मही स्वच्छ होती, पण लिव्हरमध्ये चरबी किती टक्के याचा आकडाच कुठे नव्हता. चिठ्ठीवर नुसतं ‘एमआरआय अ‍ॅबडोमेन’ लिहिलेलं. मला फार वाईट वाटलं, कारण त्यात त्यांची काहीच चूक नव्हती.

टक्का हवा असेल तर चिठ्ठीवर ‘फॅट फ्रॅक्शन’ किंवा ‘पीडीएफएफ’ हा शब्द पाहिजे. यात पाण्यातल्या आणि चरबीतल्या हायड्रोजनचे सिग्नल वेगळे करून चरबीचा वाटा काढतात. साधारण ५ टक्क्यांच्या आत असला तर नॉर्मल धरतात. नंबर लावतानाच विचारा, ‘टक्का मिळेल ना? लोहाचं करेक्शन आहे का?’ लिव्हरमध्ये लोह साठलं असेल तर सिग्नल लवकर विरतो आणि आकडा चुकतो. वारंवार रक्त चढवलेल्यांनी हे आधीच सांगावं. या मोजणीला कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन लागत नाही.

सगळ्यात जास्त गडबड होते ती श्वासाची. १५-२० सेकंद श्वास धरायचा असतो. आत झोपलेला माणूस ‘हो हो’ म्हणतो आणि दहाव्या सेकंदाला पोट हलतं. स्क्रीनवर लिव्हरची कड पुसल्यासारखी दिसते, मग पुन्हा पहिल्यापासून. आदल्या दिवशी पलंगावर उताणं पडून, घड्याळ लावून सराव करा. दम लागत असेल तर आत जायच्या आधीच सांगा, लाजू नका.

साज, मंगळसूत्र, जोडवी घरीच ठेवा. पेसमेकर असेल तर नंबर लावतानाच सांगा.

सहा महिन्यांनी फरक बघायचा असेल तर पुन्हा हीच तपासणी करा, जमलं तर त्याच सेंटरला, आणि जुनी सीडी सोबत न्या. फायब्रोस्कॅन म्हणजे बाहेरून लहरी सोडून लिव्हर तपासणारं मशीन; त्यातला चरबीचा आकडा डेसिबलचा असतो, तो टक्क्याशेजारी मांडता येत नाही. सोनोग्राफीतून थोडी चरबी तर निसटूनच जाते. १८ वरून १२ टक्क्यांवर आलात तर तो खरा फरक आहे, त्याचा आनंद जरूर माना.

पण टक्का कमी म्हणजे लिव्हर ठणठणीत, असं धरू नका. ही तपासणी फक्त चरबी मोजते, लिव्हर किती कडक झालंय ते तिला कळत नाही. सिरोसिस, म्हणजे लिव्हरवर व्रण पडून ते कडक होणं, फार पुढे गेला की चरबी उलट कमी होत जाते. जुनी शुगर असलेल्यांनी म्हणूनच डॉक्टरांना इलॅस्टोग्राफीबद्दल, म्हणजे लिव्हरचा कडकपणा मोजणाऱ्या तपासणीबद्दल, विचारावं. ती मात्र उपाशीपोटी करतात.