टेबलावरच्या रोल-प्लेइंग खेळात जखम आणि उपचार कसे बसवावे

आमच्याकडे झडी लागली की वावरातलं काम थांबतं. चार-चार दिवस पाऊस उघडत नाही, लाइन कधी असते कधी नसते, आणि सपरीत पाच-सहा पोरं जमतात. दोन पावसाळे झाले, आम्ही तिथं रोल-प्लेइंग खेळ खेळतो. एक जण गोष्ट चालवतो, तो गेम मास्टर. बाकीचे एकेक पात्र घेतात, आपण काय करतो ते बोलून सांगतात, आणि जमेल की नाही अशी शंका आली की फासा टाकतात. दंडार पाहत वाढलेल्या पोरांना सोंग घेणं शिकवावं लागत नाही. अडलं ते एकाच ठिकाणी: पात्राला लागलं तर काय करायचं, आणि ते बरं कसं करायचं.

सुरुवातीला मी उपचार फुकट ठेवला होता. झोळीत जडीबुटीची बाटली, एक घोट घेतला की सगळं भरून आलं. तिसऱ्या संध्याकाळी गोलूचा राखणदार रानडुकरासमोर नुसता जाऊन उभा राहिला. "लागलं तं लागलं, बाटली हाये न!" रात्री तुरीच्या वावरात डुक्कर समोर आलं की काय होतं, हे आमच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. जागलीला जाणाऱ्या गोलूला तर सगळ्यांत जास्त. तरी खेळात त्याला भीती वाटत नव्हती, कारण लागण्याची काही किंमतच नव्हती. मग नियम नव्यानं बसवला, तो असा.

आधी जीव मोजायचं साधन ठरवा. आम्ही चिंचोके घेतो, प्रत्येक पात्राला दहा. मार बसला की सहाचा फासा टाकायचा, जेवढे पडतील तेवढे चिंचोके खेळाडूनं स्वतःच्या हातानं मधल्या वाटीत टाकायचे. वहीत आकडा खोडण्यापेक्षा हे बरं. वाटीत चिंचोका पडल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येतो आणि पुढच्याचा हात आखडतो. ही पद्धत जुनीच आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 साली आणलेल्या डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोल-प्लेइंग खेळात याला हिट पॉइंट म्हणतात. आर्नेसननं ती कल्पना युद्धनौकांच्या खेळावरून घेतली होती, बोट किती मार सोसून तरंगते त्या हिशेबानं. म्हणून या पद्धतीत एक उणीव राहते: शेवटचा अंक जाईपर्यंत पात्र धडधाकट लढतं. नऊ चिंचोके गेलेला माणूस आणि एकही न गेलेला माणूस सारखेच पळतात.

ती उणीव भरायला दुसरी पायरी, जखम लिहून ठेवणं. इथं जरा वेळ द्या, सगळा खेळ इथंच बदलतो. 1977 च्या ट्रॅव्हलर या खेळात मार थेट ताकद, चपळाई आणि दम यांतून वजा होतो. 1978 च्या रूनक्वेस्टमध्ये घाव कुठल्या अवयवावर बसला ते वीसच्या, म्हणजे वीस बाजूंच्या, फाशानं ठरतं. दोन्ही चांगल्या, पण नवख्यांना हिशेब जड जातो. आम्ही कॉल ऑफ कथुलूच्या सातव्या आवृत्तीतली सोपी गोष्ट उचलली: एकाच घावात निम्मे किंवा जास्त अंक गेले तर ती मोठी जखम. आमच्या मापानं पाच चिंचोके. अशी जखम झाली की एका चिठ्ठीवर अवयव आणि त्यामुळे काय करता येत नाही, एवढं एकच वाक्य लिहायचं. गोलूच्या राखणदाराची पहिली चिठ्ठी माझ्याकडे अजून आहे: "डावी मांडी फाटली. पळता येत नाही, धुऱ्यावर चढता येत नाही." त्या संध्याकाळी नाल्याला पूर आला आणि बाकीचे पलीकडे निघाले, तेव्हा तो चिठ्ठी वर धरून म्हणाला, "मी कसा येऊ बाप्पा, पाय पाहा न माह्या." मग दोघांनी त्याला बंडीत घातलं, तिसऱ्यानं बैल धरले. अर्धा तास नुसता त्या पुलावर गेला. आमच्या खेळातला इतका रंगलेला अर्धा तास मला दुसरा आठवत नाही.

सगळे चिंचोके संपले तर? पात्र लगेच मारू नका. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या 2014 च्या पाचव्या आवृत्तीत पडलेला खेळाडू आपल्या पाळीला वीसचा फासा टाकतो. दहा किंवा वर आलं तर यश, तीन यश म्हणजे जीव स्थिरावला, तीन अपयश म्हणजे गेला. गावात वीसचा फासा मिळत नाही, म्हणून आम्ही लुडोच्या फाशावर चार, पाच, सहा हे यश धरतो. जवळजवळ तेवढीच संधी पडते. मधेच कोणी धावून जाऊन पट्टी बांधली तर फासा थांबतो.

आता उपचार. त्याच पाचव्या आवृत्तीत आठ तासांची विश्रांती घेतली की सगळे हिट पॉइंट परत येतात. आमच्या गोष्टींना ते फार स्वस्त पडलं. त्याच खेळात एक ऐच्छिक नियम आहे: छोटी विश्रांती आठ तासांची, मोठी सात दिवसांची. आम्ही त्याच्या जवळ राहिलो. तिथल्या तिथं पट्टी बांधली की एक चिंचोका परत, रात्रभर झोप मिळाली की दोन. चिठ्ठीवरची जखम मात्र आठवडाभर पडून राहिल्याशिवाय आणि कोणीतरी रोज ड्रेसिंग केल्याशिवाय फाडायची नाही.

आठवडा नुसता "गेला" म्हणू नका. कागदावर भाकरीएवढा गोल काढा, चार भाग पाडा, दर दोन दिवसांनी एक भाग काळा करा. गोल भरला की गोष्टीत काहीतरी बिघडतं: बिबट्या आणखी एक गोऱ्हा नेतो, सावकाराची मुदत संपते. ब्लेड्स इन द डार्क या खेळात अशा गोलांना घड्याळ म्हणतात, तिथून मी हे घेतलं. आता पोरं खरंच भांडतात, जखमी गड्याला घेऊन निघायचं की थांबायचं.

एक गोष्ट मी कधी सोडत नाही. खेळात साप चावला तर उतारा मंत्राचा ठेवत नाही. जखम चिरणं, चोखणं, करकचून दोरी बांधणं यांनी माझ्या खेळात पात्राचं नुकसानच होतं. आपल्याकडची प्रतिसर्पविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालते, म्हणून हात-पाय न हलवता ग्रामीण रुग्णालय गाठणं हाच उपाय, आणि रस्ता गाठण्याची धडपड हीच गोष्ट. समोर बसलेली पोरं उद्या अनवाणी वावरात जाणार आहेत.

मोठा नियम वाचायचा असेल तर पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यावर फुकट आहेत, मोबाइलवर उतरवता येतात.

शेवटी उठताना प्रत्येकाचे उरलेले चिंचोके आणि चिठ्ठी एका रिकाम्या आगपेटीत घाला, वर पात्राचं नाव लिहा. पुढच्या झडीला पेटी उघडली की जो लंगडत होता तो लंगडतच सुरुवात करील.