या चुका टाळा: जुन्या स्पोर्ट्‌स कारमधला बेअरिंगचा आवाज आणि क्लचचं काम

माझ्याकडे ट्रायम्फ स्पिटफायर मार्क 3 आहे. 1967 ते 1970 या काळात निघालेलं मॉडेल, 1296 सीसीचं इंजिन, चार गिअर. मध्यंतरी गाडी सुरू करून न्यूट्रलला उभी केली की खालून घरघर यायची, जात्यात खडा अडकल्यासारखी. क्लच दाबला की आवाज बंद. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींनी दोन मिनिटं ऐकलं आणि सांगून टाकलं, "मालक, रिलीज बेअरिंग बोंबलतंय. अख्खा क्लच सेटच टाकूया." रिलीज बेअरिंग म्हणजे पेडल दाबल्यावर क्लचला ढकलून सोडवणारं बेअरिंग. मला पटलं. सेट इंग्लंडहून मागवला, दोन रविवार घालवून गिअरबॉक्स उतरवला, नवा सेट बसवला. गाडी सुरू केली, तर तीच घरघर. क्लच दाबला, बंद.

गाडी माझी होती, मॅन्युअल माझ्या कपाटात होतं. आवाज नेमका कधी थांबतो याचा विचार मी केला असता, तर ते दोन रविवार आणि सेटचे पैसे वाचले असते. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आवाज कधी येतो हे न बघता पाना हातात घेणं

गाडी उभी, इंजिन चालू, गिअर न्यूट्रलला आणि पाय क्लचवरून काढलेला, अशा वेळी गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट (इंजिनचा जोर आत आणणारा दांडा) फिरत असतो आणि त्याच्याशी कायम दात जुळलेला ले शाफ्टही (त्याला समांतर असलेला दुसरा दांडा). क्लच पूर्ण दाबला की दोन्ही हळूहळू थांबतात. म्हणजे क्लच दाबल्यावर जो आवाज बंद होतो, तो या थांबलेल्या भागांचा: इनपुट शाफ्टचं बॉल बेअरिंग किंवा ले शाफ्टची निडल बेअरिंग. रिलीज बेअरिंगचं याच्या बरोबर उलट असतं. त्याच्यावर जोर येतो तो क्लच दाबल्यावर, त्यामुळे त्याची किरकिर पेडल थोडं खाली गेलं की सुरू होते आणि पाय काढला की थांबते. माझ्या गाडीत इनपुट शाफ्टचं बेअरिंग गेलं होतं.

तिसरा एक भाग आहे, तो हमखास विसरला जातो: क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, मागच्या टोकाला बसवलेला पायलट बुश. इनपुट शाफ्टचं पुढचं टोक त्याच्यात टेकलेलं असतं. क्लच जोडलेला असताना क्रँक आणि शाफ्ट एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे बुशमध्ये काही घासत नाही. क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाकून उभं राहिलात की शाफ्ट थांबतो, क्रँक फिरत राहतो आणि झिजलेला बुश कर्कश ओरडतो. फरक ओळखायचा तो पेडलच्या जागेवरून. रिलीज बेअरिंग पेडल थोडं दाबताच बोलतं, बुश मात्र क्लच पूर्ण सुटल्यावरच.

उभ्या गाडीत समजलं नाही तर चालवून बघा. मी पहाटे पन्हाळ्याच्या रस्त्याला जातो. वाघबीळपासून चढ लागतो, तिथे तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनवर भार येतो. चौथा गिअर या गाडीत डायरेक्ट आहे, म्हणजे इनपुट शाफ्ट आणि मेन शाफ्ट (जोर बाहेर नेणारा दांडा) थेट जोडले जातात आणि ले शाफ्ट नुसता मोकळा फिरतो. खालच्या गिअरमध्ये येणारी गुणगुण चौथ्यात बरीच कमी झाली तर संशय ले शाफ्टवर. सगळ्या गिअरमध्ये सारखीच राहिली आणि सपाट, मोकळ्या रस्त्यावर न्यूट्रलला गाडी नुसती घरंगळतानाही आली, तर मेन शाफ्टचं मागचं बेअरिंग तरी असेल, नाहीतर त्याच्या मागे प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस किंवा डिफरन्शिअल. ही परीक्षा उतारावर करू नका आणि घरंगळताना इंजिन कधीही बंद करू नका.

जुन्या गिअरबॉक्सला न्यूट्रलमध्ये थोडा खडखडाट असतोच. तेवढ्यासाठी तो खोलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आवाज महिन्याभरात वाढतोय का ते बघा आणि गिअर ऑइल काढून एका पांढऱ्या थाळीत घ्या. करडा, मऊ गाळ चालतो. सोनेरी चमक दिसली तर सिंक्रो रिंग (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या रिंगा) झिजताहेत. पत्र्यासारखे पापुद्रे किंवा सुईचे तुकडे निघाले तर मात्र गाडी तिथेच उभी करा.

पहिला गिअर करकरला म्हणजे क्लच गेला, असं धरणं

स्पिटफायरच्या मार्क 3 पर्यंतच्या गाड्यांत पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (वेग जुळवणारी यंत्रणा) नाही, तो मार्क 4 पासून आला. त्यामुळे गाडी चालत असताना पहिला टाकला तर तो करकरणारच, त्यात क्लचचा काही दोष नाही. खरी तपासणी रिव्हर्सवर होते. गाडी उभी करून क्लच पूर्ण दाबा, मनात पाच आकडे मोजा आणि मग रिव्हर्स टाका. तरीही करकरला, तर क्लच पूर्ण सुटत नाही.

इथेसुद्धा लगेच गिअरबॉक्सकडे वळायचं कारण नाही. आधी डोकं पेडलखाली घाला. पेडल आणि मास्टर सिलिंडरचा (पेडलच्या जोराने तेल ढकलणारा सिलिंडर) दांडा जोडणारी पिन काढून बघा. पन्नास वर्षांत ती कमरेत बारीक झालेली असते आणि पेडलचं भोक लांबट झालेलं असतं. तिथे 1 मिलिमीटर झीज म्हणजे मास्टरच्या पिस्टनची तेवढी चाल वाया. उद्यमनगरात कुठल्याही लेथवर अशी पिन तासाभरात करून मिळते आणि भोक भरून पुन्हा नेमक्या मापाचं पाडून मिळतं. नंतर हायड्रॉलिकची हवा काढा. स्लेव्ह सिलिंडरचं (त्या तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा सिलिंडर) रबरी बूट उचलून आत ओल आहे का ते पाहा.

रबरी सील डिझेल, रॉकेल किंवा पेट्रोलने धुण्याची सवय आपल्याकडे सगळीकडे आहे. कृपा करून ते करू देऊ नका. या सिस्टिममधलं रबर ब्रेक ऑइलसाठी बनलेलं असतं, खनिज तेल लागलं की ते फुगतं आणि सिलिंडरमध्ये अडकतं. धुवायला ब्रेक ऑइलच वापरा. डॉट 3 किंवा डॉट 4 ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, आणि आपल्याकडचा पावसाळा तुम्हाला माहीतच आहे. वर्षभर उघडा राहिलेला डबा वापरला तर सिलिंडरला आतून गंज धरतो. हेच ऑइल रंगावर सांडलं तर रंग निघतो, म्हणून पाण्याची बादली आणि फडकं शेजारी ठेवा.

गिअरबॉक्स उतरवला आणि अर्धंच काम केलं

स्पिटफायरचा गिअरबॉक्स खालून नाही, आतून काढतात. सीट आणि मधलं कव्हर काढलं की तो समोर येतो. उचलायला दोन माणसं पुरतात, पण बसवताना एक क्षणही त्याचं वजन इनपुट शाफ्टवर लोंबकळू देऊ नका. शाफ्ट क्लच प्लेटच्या मधोमध शिरलेला असतो, त्या वजनाने प्लेट वाकते आणि नवा क्लच पहिल्या दिवसापासून ओढायला लागतो, म्हणजे पूर्ण सुटत नाही. प्लेट सेंटरला आणायला लाकडाची का होईना, मापाची दांडी करून घ्या. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत न्या.

पायलट बुश प्रत्येक वेळी बदला. जुना काढायला त्याच्या भोकात ग्रीस ठासून भरा आणि घट्ट बसणारी दांडी हातोडीने आत ठोका. ग्रीसच्या दाबानेच बुश बाहेर येतो. हा बुश सिंटर्ड ब्राँझचा असतो, त्याच्या सूक्ष्म छिद्रांत तेल राहतं. लेथवर साध्या पितळेचा करून बसवला तर काही महिन्यांत तो कोरडा पडून ओरडू लागतो. आणलेला बुश आदल्या रात्री इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा आणि आतून रीमर (भोक मोठं करणारं हत्यार) मारू नका, छिद्रं बंद होतात.

बेअरिंग घेताना जुन्यावर कोरलेला नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून घ्या. बाहेरच्या रिंगवर सर्क्लिपची (बेअरिंग जागेवर धरणारी क्लिप) खाच असेल तर ती नव्यावरही हवीच. माप जुळलं म्हणून बिनखाचेचं बेअरिंग चालत नाही. नकली मालही खूप आहे, डब्याच्या छपाईवर जाऊ नका, ओळखीच्या दुकानातूनच घ्या. ले शाफ्टच्या सुया काढताना मोजून लिहून ठेवा आणि शाफ्टवरून नख फिरवा. नखाला खड्डा लागला तर शाफ्टही बदलायचा. नुसत्या नव्या सुया खड्ड्यांवर फिरल्या की वर्षभरात आवाज परत येतो. बसवताना सुया ग्रीसने चिकटवतात आणि मूळ शाफ्टपेक्षा किंचित बारीक खोटा शाफ्ट घालून रांग सांभाळतात. तो खोटा शाफ्ट आधीच करून घ्या.

क्लचवर तेल दिसलं तर ते कुठून आलं हे न शोधता प्लेट बदलणं म्हणजे पैसे पाण्यात. बोटावर घेऊन वास घ्या. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, इंजिन ऑइलला नसतो.

आणि या गाडीची सगळ्यात महागडी चूक. क्लच दाबला की क्रँक पुढे ढकलला जातो. तो भार मागच्या मेन बेअरिंगपाशी असलेल्या अर्धगोल थ्रस्ट वॉशर घेतात. इंजिन बंद ठेवून कुणालातरी क्लच दाबायला सांगा आणि पुढची पुली बघा. नुसत्या डोळ्यांना ती पुढे-मागे सरकताना दिसली तर काम थांबवा, डायल गेज लावून मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून पाहा. झिजलेले वॉशर सुटून सम्पमध्ये (इंजिनखालच्या तेलाच्या भांड्यात) पडतात आणि मग क्रँक थेट ब्लॉकवर घासतो. इंजिन न उतरवता, सम्प काढून ते बदलता येतात. खाचा असलेली बाजू क्रँककडे. म्हणूनच ताराराणी चौकात सिग्नलला मी गिअर काढून पाय क्लचवरून काढतो.

शेवटी तेल. या गिअरबॉक्सला जीएल-4 दर्जाचं गिअर ऑइल लागतं. "जीएल-5 त्याच्याहून भारी" असं काउंटरवर सांगतील, पण त्यातली जादा गंधकयुक्त रसायनं पिवळ्या धातूच्या सिंक्रो रिंगांना मारक ठरू शकतात. भरण्याच्या भोकाच्या काठापर्यंत तेल भरा, गाडी सपाट जागी उभी करून. पहिले काही दिवस क्लच घसरवत चढ चढू नका. पन्नासेक किलोमीटर झाल्यावर तेलाची पातळी, ब्रेक ऑइलची पातळी आणि स्लेव्हचं बूट पुन्हा एकदा बघा.