आखडलेला खांदा: कोणत्या टप्प्यात काय करावं

खांद्याच्या सांध्याभोवती पातळ आवरण असतं. फ्रोजन शोल्डरमध्ये, म्हणजेच आखडलेल्या खांद्यात, त्या आवरणाला आधी सूज येते, मग ते जाड होऊन आकसतं. हात वर जात नाही, पाठीमागे हुकापर्यंत किंवा मागच्या खिशापर्यंत पोचत नाही, त्या कुशीवर झोपता येत नाही. हा त्रास बहुधा ४० ते ६० या वयात होतो, पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. मधुमेह किंवा थायरॉइड असेल, अथवा हात बरेच दिवस झोळीत राहिला असेल, तर शक्यता वाढते. मधुमेहाची तपासणी झालेली नसेल तर ती करून घ्याच.

घरी ओळखायचं कसं? कोपर बरगडीला टेकवून काटकोनात वाकवा आणि पंजा बाहेरच्या बाजूला फिरवा. दुसऱ्या हाताशी तुलना करा. मग तोच हात घरातल्या कुणाला तरी हळूच फिरवायला सांगा. त्यांनाही तो फिरत नसेल तर सांधा आखडला असावा. त्यांना सहज फिरवता येतो पण तुम्हाला जमत नाही, असं असेल तर स्नायूबंध (स्नायू हाडाला जोडणारा पट्टा) फाटल्याची शंका घ्यावी. सांध्याची झीज झाली तरी हात असाच अडतो, म्हणून एक्स-रे काढतात. फ्रोजन शोल्डरमध्ये एक्स-रे बहुधा स्वच्छच येतो. म्हणून ‘काही झालेलं नाही’ असं समजू नका.

खांदेदुखीबरोबर छातीत दडपण, घाम किंवा धाप असेल तर थेट हृदयरोगाचे उपचार होतात अशा रुग्णालयात जा. पडल्यावर दुखू लागलं, ताप आला, सांधा लाल झाला किंवा हात बधिर पडला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

पहिला टप्पा: ठणका. हा २ ते ९ महिने चालतो आणि सगळ्यात मोठी चूक इथेच होते. ‘जोर लावून फिरव, सुटेल’ म्हणत कुणी हात ओढतं, रगडून मालिश करतं. सुजलेलं आवरण त्याने आणखी चिडतं. या काळात दुखणं कमी करणं हेच काम. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या, विशेषतः मूत्रपिंडाचा, रक्तदाबाचा किंवा अल्सरचा त्रास असेल तर. सांध्यात दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनचा उपयोग याच टप्प्यात जास्त होतो. त्यानंतर मधुमेहींची साखर काही दिवस चढते. ती घरी मोजत राहा. झोपताना हाताखाली उशी घ्या.

व्यायाम एकच: चांगला हात टेबलावर टेकवून कमरेत वाका, दुखरा हात सैल सोडा आणि अंग हलवून त्याला छोटे झोके द्या. १-२ मिनिटं, दिवसातून २-३ वेळा. हात झोळीत बांधून ठेवू नका.

दुसरा टप्पा: ताठरपणा. ठणका ओसरतो, हात मात्र अडतो. आता ताण द्यायचा. आधी १०-१५ मिनिटं शेक घ्या.

१. उताणे झोपा, कोपरं अंगाला चिकटवा, दोन्ही हातांत काठी धरा. चांगल्या हाताने काठी ढकलून दुखरा पंजा बाहेर न्या. १५-२० सेकंद थांबा. ५ ते १० वेळा.

२. भिंतीसमोर उभे राहून बोटांनी वर चढत जा. आरसा असेल तर बघा: खांदा कानाकडे उचलला जात असेल तर हालचाल सांध्यातून नाही, खवाट्यातून होते आहे. तिथेच थांबा.

३. पंचा पाठीमागे धरून वरच्या हाताने दुखरा हात हळूहळू वर ओढा. हा सगळ्यात जाचक, म्हणून शेवटी.

ताण जाणवावा, कळ येऊ नये. रात्रीची झोप मोडली तर दुसऱ्या दिवशी व्यायाम निम्मा करा.

तिसऱ्या टप्प्यात हात सुटू लागतो. तेव्हा ताकदीचे व्यायाम हळूहळू वाढवा. एकूण दुखणं साधारण १ ते ३ वर्षं चालतं. थोडा ताठरपणा काहींना पुढेही राहतो.

सहा महिने नेटाने करूनही अडलं तर? सांध्यात सलाइन भरून आवरण ताणणं, भूल देऊन हात फिरवणं किंवा दुर्बिणीतून आवरण सोडवणं हे पर्याय आहेत. ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर केलेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत भूल देऊन हात फिरवणं, दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि इंजेक्शनसह फिजिओथेरपी यांपैकी कोणताही उपाय वर्षभरानंतर स्पष्टपणे सरस ठरला नाही. त्यामुळे शस्त्रक्रियेची घाई नको. हाडं ठिसूळ असतील तर भूल देऊन हात फिरवताना हाड मोडण्याचा धोका असतो. ते आधीच सांगा. यांपैकी काहीही केलं तरी नंतरचे व्यायाम लगेच सुरू करावे लागतात, नाहीतर सांधा पुन्हा आखडतो.