ट्रेलरची बॅटरी ट्रकवरून चार्ज होत नाहीये? आधी बल्ब लावा, मग बोला

इकडे अमेरिकेत कुणाच्याही ट्रॅव्हल ट्रेलरची (पिकअप ट्रकमागे ओढायचं चाकांवरचं घर) बॅटरी बसली की पहिला सल्ला ठरलेला, "बॅटरी बदल". मी दोनदा बदलली. दोन्ही वेळा जुनी बॅटरी चांगली होती हे नंतर कळलं, पैसे गेले ते गेलेच. डेन्व्हरहून दिवसभर ओढत यलोस्टोनला गेलो होतो, मॅडिसन कॅम्पग्राउंडला, तिथे हुकअप म्हणजे वीज-पाण्याची जोडणी नाही (अख्ख्या पार्कात फक्त फिशिंग ब्रिजच्या आरव्ही पार्कला आहे), आणि पहाटे फर्नेसचा, म्हणजे गॅसच्या हीटरचा, पंखा नुसता घरघरतोय, गॅस काही पेटत नाही, कारण पंख्याला पुरेसा जोर नसेल तर फर्नेस पेटतच नाही. बायकोने स्वेटरवर स्वेटर चढवले आणि माझ्याकडे जे बघितलं ते इथे लिहीत नाही.

तर आधी सोपं. लेड-ॲसिड बॅटरी घरच्या चार्जरवर पूर्ण भरा, चार्जर काढून रात्रभर तशीच ठेवा, सकाळी १२.६ व्होल्टच्या आसपास दिसली तर ठीक, १२.२ वगैरे असेल तर मात्र बॅटरीच गेली, पुढचं वाचू नका.

मग बाकीचे सगळे चार्जर बंद. घरचा प्लग काढा, सोलर असेल तर तो तोडा. हे लोक हमखास विसरतात, ट्रेलर अंगणात प्लगवर असतो आणि मीटरवर १३.६ बघून म्हणतात ट्रक मस्त चार्ज करतोय. फ्रिज १२ व्होल्टवर असेल तर तोही बंद, गॅस, घरची वीज आणि १२ व्होल्ट अशा तीनही प्रकारांवर चालणारा जुना फ्रिज १०-१५ अँपिअर आरामात खातो, म्हणजे ट्रकवरून येतं ते सगळं त्याच्याच पोटात.

आता ट्रेलरच्या बॅटरीच्या टर्मिनलवर मीटर लावा, आकडा लिहून ठेवा, ट्रकचा ७ पिनचा प्लग जोडा, इंजिन चालू करा. दोन-तीन मिनिटांत १२.३ चे १३ च्या पुढे गेले तर चार्जिंग होतंय. आकडा जागचा हलला नाही तर ट्रकच्या सॉकेटकडे या. झाकण वर उचलून समोरून बघितलं तर घड्याळात १ वाजतो तिथली पिन चार्जिंगची पॉझिटिव्ह आणि ७ वाजतो तिथली निगेटिव्ह. ट्रेलरच्या प्लगवर हे आरशासारखं उलटं होतं, ११ आणि ५. वायरच्या रंगावर विश्वास ठेवू नका, आधीच्या मालकाने काय जोडलंय देव जाणे. १ वर काहीच येत नसेल तर बॉनेटखालचा फ्यूज आणि रिले बघा, काही ट्रकला ते आपणच बसवायचे असतात. काही नवे ट्रक ट्रेलर जोडलेला ओळखल्याशिवाय पिनला करंट सोडतच नाहीत, तेव्हा रिकाम्या सॉकेटला शून्य दिसलं म्हणून लगेच घाबरू नका.

आता खरी गोम. सॉकेटला १२.६ दिसले की सगळे म्हणतात ट्रक ओके. मीही म्हणालो होतो. गावाकडे शेतावर टेस्टर पेटतो, आपण म्हणतो लाईट आली, आणि मोटर काही उचलत नाही, तसलाच प्रकार. मीटर स्वतः जवळजवळ काही करंट ओढत नाही, त्यामुळे वायरची एक तार शिल्लक असली, पिनवर हिरवं चढलेलं असलं, तरी तो बिनधास्त १२.६ दाखवतो. खरा लोड पडला की तिथेच सगळे व्होल्ट गळतात. म्हणून लोड लावल्याशिवाय घेतलेला आकडा माझ्या लेखी आकडाच नाही.

लोड म्हणजे हेडलाईटचा जुना ५५ वॅटचा हॅलोजन बल्ब, दोन वायरी सोल्डर करून. साधारण साडेचार अँपिअर घेतो, फुकटात पडतो. भयंकर तापतो, हातात धरू नका, पत्र्यावर ठेवा. ट्रेलरचा प्लग ट्रकपासून सुटा करून मग ट्रेलरच्या बॅटरीची आधी निगेटिव्ह आणि मग पॉझिटिव्ह केबल काढा, त्या दोन केबलमध्ये बॅटरीच्या जागी बल्ब लावा, आता प्लग जोडून इंजिन चालू करा. बॅटरी काढलेली असताना ट्रेलर इंचभरही ओढायचा नाही, ट्रेलर सुटला तर ब्रेक लावणारा जो ब्रेकअवे स्विच असतो तो त्याच बॅटरीवर चालतो. ट्रकच्या बॅटरीला १४.२ असतील तर बल्बवर १३ च्या वर हवेत. माझ्याकडे ९ च्या आसपास होते, बल्ब पिवळट.

मग गळती शोधायची. एक ४० फुटांची बारीक वायर घ्या (मीटरसाठी आहे, बारीक चालते), एक टोक ट्रकच्या बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं मीटरच्या एका प्रोबला, आणि दुसरा प्रोब बल्बच्या निगेटिव्हला. बल्ब पेटलेलाच ठेवा. इथे अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा हवा. माझा चारच्या वर! आता तो प्रोब एकेक जोड ट्रककडे सरकवत न्या, जिथे आकडा धाडकन खाली येतो त्याच्या लगेच मागे चोर. माझा चोर ट्रेलरच्या पुढच्या त्रिकोणी फ्रेमवर निघाला, निगेटिव्हची पांढरी वायर रंग लावलेल्या लोखंडावर स्क्रूने आवळलेली आणि खाली नुसता गंज. मी तोवर तीन वीकेंड पॉझिटिव्हच्या मागे धावत होतो, ब्रेकर बदलला, फ्यूज बदलले, कारण सगळ्यांना पॉझिटिव्हची लाल-काळी वायरच दिसते. आधी निगेटिव्ह बघा, दहात आठ वेळा तिथेच असतं असं माझं मत आहे. निगेटिव्ह बरोबर निघालं तर हीच चाचणी पॉझिटिव्हवर करा, वायरचं टोक ट्रकच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावून, आणि ते टोक मध्ये कुठे लोखंडाला टेकू देऊ नका.

एक फसवी गोष्ट, ट्रेलर ज्यावर अडकतो त्या हिचच्या बॉलमधूनही कधीकधी निगेटिव्ह मिळतं, म्हणून आकडा उड्या मारतो, ट्रेलर थोडा हलवला की चार्जिंग सुरू, पुन्हा बंद. इंडिकेटर लावल्यावर ट्रेलरचे सगळेच दिवे लुकलुकत असतील तर हेच.

दुरुस्ती: गंज पॉलिश पेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा, नवं थिंबल, दातेरी वॉशर, वरून ग्रीस. मी तर फ्रेमच्या भरवशावर राहिलोच नाही, प्लगपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत १० गेजची वायर सरळ टाकली.

एवढं करून अपेक्षा फार ठेवू नका. जाऊन-येऊन ६० फूट १२ गेज वायर म्हणजे साधारण ०.१ ओहम, १० अँपिअरला एक व्होल्ट वाटेतच गेला, १४.२ चे १३.२ उरले. अर्धी रिकामी १०० अँपिअर-तासाची बॅटरी दिवसभराच्या ड्राईव्हमध्येही पूर्ण भरेलच असं नाही. त्यात हल्लीचे ट्रक पेट्रोल वाचवायला अल्टरनेटरचे व्होल्ट मुद्दाम खाली आणतात, टो-हॉल मोड (ट्रेलर ओढताना लावायचा ट्रकचा मोड) लावला की काहींचे वर येतात, लावून बघा. रोज हुकअपशिवाय राहणार असाल तर डीसी-डीसी चार्जर (ट्रककडून आलेले कमी व्होल्ट वाढवून बॅटरीला देणारं यंत्र) घ्या आणि त्याला जाड वायर, दोन्ही टोकांना फ्यूज. लिथियम बॅटरी असेल तर यावर वादच नको, ती भरलेली नसतानाही १३.२ दाखवत बसते, त्यामुळे वरचे व्होल्टचे आकडे तिला लागूच नाहीत, तिथे डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लावून अँपिअरच बघावे लागतात. घेताना डीसी लिहिलंय ना ते बघा, स्वस्तातले बरेचसे फक्त एसी मोजतात.

शेवटी इंजिन बंद करून अर्ध्या तासाने १ वाजताच्या पिनला पुन्हा मीटर लावा. अजून १२ येत असतील तर कॅम्पवर पोचल्या पोचल्या प्लग उपसून ठेवायचा, नाहीतर रात्री ट्रेलर ट्रकचीच बॅटरी पिऊन टाकेल आणि सकाळी जंप स्टार्टसाठी शेजाऱ्याचं दार वाजवावं लागेल.