पट्टा आपल्याच हातात हवा: हृदयासाठी कुत्रा पाळताना

हृदयविकाराचा झटका येऊन गेला किंवा रक्तदाबाची गोळी सुरू झाली, की “एखादा कुत्रा पाळा, फिरणे आपोआप होईल” असा सल्ला हमखास मिळतो. सल्ला चुकीचा नाही, पण त्यातले “आपोआप” तेवढे खरे नाही. शहरातल्या अनेक सोसायट्यांत सकाळी एखादा मुलगा चार-चार कुत्र्यांचे पट्टे हातात धरून जाताना दिसतो आणि त्या कुत्र्यांचे मालक वर गॅलरीत चहा घेत बसलेले असतात. अशा घरांत हृदयाचा जो काही फायदा व्हायचा, तो त्या मुलाचा होतो.

या विषयावरचा सर्वांत मोठा अभ्यास स्वीडनमधला आहे. तेथे २००१ पासून कुत्र्याची नोंदणी सक्तीची असल्यामुळे संशोधकांना सुमारे ३४ लाख लोकांची माहिती बारा वर्षांपर्यंत पडताळता आली आणि तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. एकट्या राहणाऱ्या माणसांमध्ये कुत्रा पाळणाऱ्यांचा हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी मृत्यू होण्याचा धोका न पाळणाऱ्यांपेक्षा ३६ टक्क्यांनी कमी आढळला, तर भरल्या घरात हा फरक १५ टक्क्यांच्या आसपास होता. मात्र हा आकडा वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी, ती ही, की ज्याच्या पायांत मुळात बळ असते तोच बहुधा कुत्रा पाळायला धजतो, त्यामुळे सगळे श्रेय कुत्र्याला देता येत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१३ च्या निवेदनात हीच सावधगिरी बाळगली होती: कुत्र्यामुळे धोका कमी होऊ शकतो, पण केवळ त्या एका हेतूने प्राणी घरी आणू नये.

म्हणून पहिला प्रश्न हृदयाचा नसून घराचा आहे. कुत्रा साधारणतः दहा ते तेरा वर्षे जगतो. आपल्याला अचानक रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर त्याला कोण सांभाळेल, हे नाव आधी नक्की करावे आणि त्या व्यक्तीला तसे स्पष्ट विचारावे. पिल्लू कितीही गोजिरवाणे असले, तरी ते पहिले काही महिने रात्री दोन-तीनदा उठवते, आणि तुटक झोप रक्तदाबाला मानवत नाही. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने दोन-तीन वर्षांचा, शांत स्वभावाचा, पट्ट्याची सवय असलेला कुत्रा घेणे अधिक शहाणपणाचे ठरते. जातींबद्दल माझे मत ठाम आहे. हस्की किंवा सेंट बर्नार्ड आपल्या उन्हाळ्यासाठी नाहीत. चपट्या नाकाचा पग थोड्या उकाड्यातही धापा टाकतो, त्यामुळे त्याच्यासोबत भरभर चालणे होत नाही. लॅब्रॅडोर गुणी असला तरी तीस किलोचा प्राणी मांजर दिसताच ओढ घेतो, तेव्हा खांदा आणि तोल दोन्हींची परीक्षा होते. पंधरा-वीस किलोचा गावठी कुत्रा इथल्या हवेत रुळलेला असतो आणि चालायला तो कंटाळत नाही.

आता मुख्य मुद्दा, चालण्याचा. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम व्हावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. हे ऐकून माणूस घड्याळ लावून कुत्र्यासोबत अर्धा तास बाहेर काढतो आणि व्यायाम झाला असे समजतो. प्रत्यक्षात कुत्रा पहिल्या खांबाशी थांबतो, हुंगतो, पाय वर करतो, दोन पावले पुढे जातो आणि उभ्या असलेल्या स्कूटरच्या चाकाशी पुन्हा तेच करतो. अशा अर्ध्या तासात नाडी फारशी वाढत नाही. त्यावर उपाय कुत्र्याला ओढत नेणे हा नव्हे, कारण हुंगणे ही त्याची गरज आहे. फेरीचे तीन भाग करावेत: पहिली दहा मिनिटे त्याची, तो नेईल तिकडे, मधली वीस-पंचवीस मिनिटे आपली, ठरलेल्या रस्त्याने न थांबता, शेवटची पाच मिनिटे पुन्हा त्याची. मधल्या भागाच्या सुरुवातीला पट्टा आखूड धरून रोज एकच शब्द, उदाहरणार्थ “चल”, उच्चारावा. रोज न चुकता केल्यास काही आठवड्यांत कुत्रा त्या शब्दावर मान वर करून चालू लागतो. वेग योग्य आहे की नाही, हे बोलून पाहावे. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढा दम लागला पाहिजे. ज्यांना मेटोप्रोलॉलसारखी नाडी मंद ठेवणारी औषधे चालू आहेत, त्यांनी तर मनगटावरच्या घड्याळातल्या आकड्यापेक्षा याच कसोटीवर विसंबावे.

झटका किंवा अँजिओप्लास्टी झालेल्यांनी फेरी कधी आणि किती मिनिटांपासून सुरू करायची, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. बायपासनंतर छातीचे हाड सांधेपर्यंत, म्हणजे डॉक्टर मोकळीक देईपर्यंत, पट्टा दुसऱ्याच्या हाती द्यावा. आपण शेजारून चालायला हरकत नाही. पट्ट्याचा वेढा मनगटाला कधीही घालू नये. कुत्र्याने हिसका दिला तर पट्टा सुटलेला परवडतो, माणूस पडलेला परवडत नाही. विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याच्या डोक्याला मार लागला, तर बाहेरून जखम दिसत नसली तरी रुग्णालय गाठावे. अशांनी कुत्र्याची नखेही वेळच्या वेळी कापून घ्यावीत. खिशात फोन असावा आणि डॉक्टरांनी दिली असल्यास जिभेखाली ठेवायची गोळी असावी. चालताना छातीत दडपण आले, हात किंवा जबडा भरून आला, दरदरून घाम फुटला, तर घर जवळ आहे म्हणून पाय ओढत जाऊ नये. आहे तिथे बसावे आणि १०८ क्रमांकावर फोन करावा.

वेळ ऋतूप्रमाणे बदलावी लागते. एप्रिल-मे महिन्यांत सूर्य चढायच्या आत आणि सायंकाळी रस्ता निवल्यावरच निघावे. हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद ठेवून पाहावी; आपल्याला चटका बसला तर त्याच्या पंजालाही बसणार. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून जाणे दोघांनीही टाळावे, कारण दूषित पाण्यातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस हा आजार दोघांनाही होतो. गल्लीतल्या कुत्र्यांची टोळी ही आपल्याकडची खरी अडचण आहे. तिच्यासाठी काठीपेक्षा रस्ता बदलणे उपयोगी पडते, कारण भीतीने धडधडत चालण्यात हृदयाचे कसले हित?

फिरण्याखेरीज कुत्र्याची सोबतही कामी येते. न्यूयॉर्कमधल्या ४८ शेअर दलालांना रक्तदाबाची एकाच प्रकारची गोळी सुरू करून त्यांपैकी निम्म्यांना कुत्रा किंवा मांजर पाळायला सांगितले गेले; गोळीने विश्रांतीच्या वेळचा दाब दोन्ही गटांत उतरला, परंतु मानसिक ताणाच्या वेळी उसळणारा दाब प्राणी पाळणाऱ्यांमध्ये बराच कमी उसळला. यातून दोन गोष्टी कळतात. संध्याकाळी दहा मिनिटे फोन बाजूला ठेवून कुत्र्याच्या मानेवरून हात फिरवत बसणे वाया जात नाही, आणि गोळी मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करायची नाही. हात फिरवताना कानामागे आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड तपासावी.

पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस द्यावी आणि पुढील मात्रा पशुवैद्य सांगतील त्या तारखेला चुकवू नयेत. स्वतःच्या कुत्र्याचा दात लागला तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. लसीकरणाचे कार्ड, पशुवैद्याचा फोन क्रमांक आणि कुत्र्याला सांभाळणाऱ्या शेजाऱ्याचे नाव, हे सारे आपल्या औषधांच्या यादीसोबत एकाच पिशवीत, दाराजवळ पट्टा अडकवतो त्याच खिळ्याला टांगून ठेवावे.