बारावी कोणत्या गावात केली ते आधी पाहा, कॉलेजची लिस्ट मग

सीईटीचा निकाल लागला, कोणाच्या घरी पेढे वाटून झाले, कोणाच्या घरी दोन दिवस चूल थंड राहिली, आता ऑप्शन फॉर्म, म्हणजे कोणतं कॉलेज आधी पाहिजे याची क्रमवार लिस्ट. पर्सेंटाईल म्हणजे टक्के नव्हे, शंभरातले किती तुमच्या मागं ते, आणि कॅप राऊंड म्हणजे सरकारकडून सीट वाटायच्या फेऱ्या, यापेक्षा जास्त उगाळत नाही. मी 2023 ला इंजिनिअरिंगसाठी यातून गेलो, आता शेवटच्या वर्षाला आहे, तरी जुलै आला की पोटात गोळा येतोच. माझ्याकडं सांगण्यासारखी हुशारी काही नाही. एक चूक आहे, ती मात्र पूर्ण सांगतो.

आमचं गाव उमरखेड तालुक्यात. पैनगंगेचा पूल ओलांडला की नांदेड जिल्हा लागतो, त्यामुळं आमच्याकडचे पोट्टे दहावी झाली की क्लाससाठी यवतमाळला नाही, नांदेडला जातात. मीही गेलो, आणि ॲडमिशनही तिथल्याच ज्युनिअर कॉलेजात घेतली. सीईटीला 88 आले. म्हणजे फार नाही, पण अगदी वाईटही नाही, ओबीसीतून बऱ्यापैकी कॉलेज लागेल असं सगळ्यांनी सांगितलं. मी मागच्या वर्षीच्या कटऑफची पीडीएफ मोबाईलवर उघडली, अक्षर मुंगीएवढं, आणि दोन रात्री बसून वहीत लिस्ट काढली. अमरावती, बडनेरा, यवतमाळ, पुसद, शेगाव, अकोला. यवतमाळ जिल्हा अमरावती विद्यापीठात येतो, मी यवतमाळचा, म्हणून मी डोळे झाकून 'एच'वाला रकाना धरला. आणि तिथंच फसलो.

आता हे नीट वाचा, कंटाळा आला तरी वाचा. कटऑफमध्ये रकान्यांची नावं असतात जी-ओपन-एच, जी-ओबीसी-ओ, एल-ओपन-एस अशी. पहिलं अक्षर जी म्हणजे जनरल, एल म्हणजे मुलींसाठी राखीव. मधला भाग तुमची कॅटेगरी. सगळे इथपर्यंत वाचतात. शेवटचं एक अक्षर कोणी पाहत नाही, आणि खरा खेळ त्याचाच आहे. एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठातले, एस म्हणजे राज्यपातळीवरच्या जागा. जिथं एच-ओ आहे तिथं 70 टक्के जागा त्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या पोरांना आणि 30 टक्के बाकी महाराष्ट्राला. हिशेब सोपा करून पाहा: 60 जागांच्या ब्रँचला 42 घरच्यांना, 18 बाहेरच्यांना. त्या 18 मध्ये ओबीसीचे 19 टक्के म्हणजे किती? तीन, फार तर चार. त्या तीन-चार जागांवर बाकी महाराष्ट्रातले सगळे ओबीसी पोरं.

आणि होम युनिव्हर्सिटी ठरते कशावरून? घर कुठं, सातबारा कुठला, आधारवर पत्ता काय, डोमिसाईल कुठल्या तहसीलचं, याचा काही संबंध नाही. बारावी ज्या कॉलेजातून पास झाला ते कॉलेज ज्या विद्यापीठाच्या हद्दीत, ती तुमची होम युनिव्हर्सिटी. मी बारावी नांदेडातून केली, म्हणून माझी होम युनिव्हर्सिटी स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, म्हणजे नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली. ज्या अमरावती विभागात माझा जन्म गेला तिथं मी बाहेरचा. बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "आपलं घर इथं, वावर इथं, मंग तू नांदेडचा कसा झाला रे?" याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.

वरून गंमत अशी, की नांदेड-लातूरकडचं एकही कॉलेज माझ्या लिस्टमध्ये नव्हतं. जिथं मला 70 टक्क्यांत मोजलं असतं तिथला एकही कोड मी टाकला नाही, आणि जिथं 30 टक्क्यांतल्या उरल्यासुरल्या जागा होत्या तिथं 14 ऑप्शन टाकून निवांत झोपलो. 300 पर्यंत ऑप्शन टाकता येतात, मी टाकले 14! पहिल्या राऊंडला काहीच लागलं नाही. मला वाटलं साईट गंडली. माझ्याच ब्रँचला, माझ्यापेक्षा तीन पर्सेंटाईल कमी असलेला, बारावी उमरखेडातूनच केलेला मित्र लागला, तेव्हा डोळे उघडले.

सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? अर्जाच्या प्रिंटवर होम युनिव्हर्सिटी स्पष्ट छापलेली असते. माझ्याही प्रिंटवर होती. मी फक्त फोटो नीट आला का तेवढं पाहिलं.

क्लास नांदेडला पण नाव गावाकडच्या ज्युनिअर कॉलेजात, असेही पुष्कळ असतात. त्यांनी घाबरायचं कारण नाही, मार्कशीटवरचं कॉलेज धरतात, क्लास नाही. तिकडं चंद्रपूर-गडचिरोलीवाल्यांनी एक लक्षात ठेवा, तुमचं गोंडवाना विद्यापीठ 2011 पासून वेगळं आहे, नागपूरच्या कॉलेजचा एच रकाना तुमचा नाही. आणि ज्या कॉलेजला एस रकाना आहे तिथं ही भानगडच नाही, सगळे एका रांगेत. म्हणून नांदेडला किंवा लातूरला बारावी केली म्हणजे वाटोळं झालं असं अजिबात नाही, फक्त आपला रकाना कोणता ते ठाऊक पाहिजे.

आकडे बघताना अजून एक. कटऑफमध्ये पर्सेंटाईल कंसात असते, वर मेरिट नंबर असतो. मी नंबर जास्त मानतो. पोरांची संख्या दरवर्षी बदलते, 88 चा अर्थ दरवर्षी तोच राहत नाही. आणि पहिल्या राऊंडचाच नाही, शेवटच्या राऊंडचाही कटऑफ पाहा, त्यावरून कुठं जागा सरकतात ते कळतं.

क्रम लावताना पोरं उलट डोकं लावतात. "हे लागणार नाही, मग वर कशाला टाकू?" अरे, वर टाकायला पैसे पडत नाहीत. सिस्टीम वरून खाली बघत येते, जे पहिलं बसतं ते देते. पाहिजे ते वर, बरं ते मध्ये, आणि खाली चार-पाच अशी की जी लागणारच आणि जिथं तुम्ही खरंच जाल. जिथं जायचंच नाही ते टाकू नका, कारण एक नंबरचा ऑप्शन पहिल्या राऊंडला लागला तर तो ऑटो फ्रीझ होतो, पुढच्या राऊंडचा रस्ता बंद. 2025 पासून चार राऊंड झाले आणि ही अट वाढत जाते, दुसऱ्या राऊंडला पहिल्या तीनपैकी, तिसऱ्याला पहिल्या सहापैकी लागलं तरी फ्रीझ. नियम दरवर्षी हलतात, त्यामुळं यंदाचं माहितीपुस्तक स्वतः वाचा.

स्वतः म्हणजे स्वतः. निकालानंतर तालुक्याच्या गावात फॉर्म भरून देणारे 'काउन्सेलर' उगवतात, हजारो रुपये घेतात, आणि करतात काय तर तीच पीडीएफ उघडतात. काही कॉलेजचे एजंट तर घरी येतात, फुकट गाडी, फुकट जेवण, "सीट पक्की करून टाका, स्कॉलरशिप आम्ही बघतो". मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या सीटला शासनाची फी सवलत नाही, सवलत पाहिजे तर ॲडमिशन कॅपमधूनच पाहिजे, हे तो एजंट जन्मात सांगणार नाही. पुण्यातल्या मामालाही विचारू नका. त्याच्या वेळी डोनेशन होतं, त्याला तेवढंच माहीत. विचारायचं तर त्या कॉलेजात सेकंड इयरला शिकणाऱ्या, आपल्या तालुक्यातल्या, एखाद-दोन विषय राहिलेल्या पोराला विचारा. टॉपर गोड बोलतो. हा खरं सांगतो, मेसचं आणि फीच्या तगाद्याचंही.

आता पैसा. इथं मी बाबांशी खोटं बोललो, म्हणजे मला स्वतःलाच कळलं नव्हतं. शेवटी मला नागपूरकडचं एक खासगी कॉलेज लागलं, फी लाखाच्या वर. मी घरी सांगितलं, ओबीसीला अर्धी फी माफ आहे. अर्धी माफ असते ती ट्युशन फी, आणि तीही मागाहून, महाडीबीटी या सरकारी स्कॉलरशिपच्या पोर्टलवरून, हप्त्यानं. डेव्हलपमेंट फी, डिपॉझिट, रूम, मेस, बस, यातलं काही माफ नाही. आणि ॲडमिशन कधी? जुलै-ऑगस्टमध्ये. शेतकऱ्याच्या घरी तेव्हा काय असतं? बियाणं, खत, निंदण, सगळं मातीत गेलेलं. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आगेमागे, कापसाचा त्याच्याही नंतर. आमच्याकडं चार एकर कोरडवाहू. कॉलेजच्या काउंटरवर पूर्ण रक्कम मागितली, बाबा काही बोलले नाही, बाहेर येऊन धोतराच्या कमरेचे पैसे दोनदा मोजले, आणि मला म्हणाले, "तू इथंच थांब, मी संध्याकाळपर्यंत येतो." आईची पोत सोनाराकडं गेली ती पुढच्या वर्षीच्या कापसावर सुटली.

म्हणून कॉलेजच्या प्रत्येक नावापुढं दोन आकडे लिहा. एक चार वर्षांचा, आणि दुसरा, जास्त महत्त्वाचा, पहिल्या दिवशी हातात किती लागेल तो. कॉलेजला फोन करून विचारायचं, लाज नाही वाटू द्यायची. टीएफडब्ल्यूएसचा, म्हणजे ट्युशन फी माफीच्या जागांचा, कोड वेगळा असतो, शेवटी टी लागतो, तो वेगळा टाकावा लागतो. ट्युशन फी पूर्ण माफ, उत्पन्न 8 लाखांच्या आत पाहिजे, पण जागा 5 टक्केच आणि कॅटेगरी नाही, म्हणून कटऑफ चढा असतो. तरी वर टाकाच. मुलींसाठी 2024-25 पासून बरं झालं, ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि 8 लाखांच्या आत उत्पन्न असेल तर ट्युशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ. अल्पभूधारकाच्या पोरांना पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, एससीला स्वाधार, एसटीला स्वयंम. बँक खातं आधारला जोडलेलं नसेल तर यातलं काही येत नाही, पोट्टे वर्षभर हेलपाटे मारतात.

कागदांचं लांबवत नाही. नॉन क्रीमीलेयर येणाऱ्या 31 मार्चपर्यंत चालणारं पाहिजे, उत्पन्नाचा दाखला तहसीलचा, आणि जात वैधता. वैधता वेळेत नाही आली तर ओपनमध्ये मोजतात, मग वहीतली सगळी लिस्ट रद्दी.

माझं फार वाईट झालं असं नाही हं. कॉलेज ठीकच निघालं, कॅम्पसला कंपन्या येतात, शिकलो. पण चार वर्षांत जे जादा पैसे गेले त्यात घरावरचे पत्रे बदलून झाले असते, ते डोक्यातून जात नाही.

यंदा बहिणीची पाळी आहे. तिनं बारावी उमरखेडातूनच केली, मी हट्टानं करायला लावली. 84 आलेत. परवा ओट्यावर बसून दोघांनी लिस्ट काढली, 41 नावं झाली. सगळ्यात वर तिनं अमरावतीचं सरकारी कॉलेज लिहिलं. मी म्हटलं, अवघड आहे गं. तर म्हणते, "दादा, वर टाकायले पैसे पडत नाही असं तूच म्हणतं नं?" बाबांनी वही घेतली, पहिल्या दिवसाचा आकडा बोटानं एकेक पाहत खाली आले, दोन नावांवर स्वतः काट मारली. उरलेल्या 39 मध्ये एकाही ठिकाणी पोत काढावी लागणार नाही. वैधतेची फक्त पावती आहे, सर्टिफिकेट यवतमाळला अडकलंय, उद्या सकाळच्या साडेसहाच्या एसटीनं त्यासाठीच चाललो.